चार गुणांपुरते बोलणे

नारायणगडाच्या वाटेवर असलेल्या आमच्या गावच्या विद्यालयात मी एकतीस वर्षे संस्कृत शिकवले. निवृत्त झालो त्या वर्षी संस्थेने संस्कृत बंद केले आणि माझ्या वर्गाला संगणक कक्ष असे नाव दिले. पाटी लागून सात वर्षे झाली. संगणक यायचे आहेत. तरीही वाणीविषयी काही प्रसंग उद्भवला की मला बोलावणे येते, आणि मीही धोतराच्या निऱ्या सारख्या करून जातो. विद्यामंदिराचे बोलावणे नाकारू नये, असे माझे गुरू सांगत.

यंदाच्या पौषात आलेले बोलावणे बारावीच्या तोंडी परीक्षेसाठी होते.

या परीक्षेची आमच्याकडील रीत आधी सांगितली पाहिजे. मराठी विषयाचे ऐंशी गुण लेखी परीक्षेला आणि वीस तोंडी परीक्षेला. लेखी परीक्षा मुले देत. तोंडी परीक्षा शिक्षक देत असत. शिक्षक म्हणजे आमचे अंगद सर. ते एका दुपारी कार्यालयात बसत, हजेरीची यादी समोर घेत आणि चहा निवण्यापूर्वी प्रत्येक नावापुढे सतरा, अठरा, क्वचित एकोणीस असा आकडा लिहीत. या रीतीत कुणाचा अपमान नव्हता, कुणाला घाम फुटत नव्हता, आणि विद्यालयाचा निकाल तालुक्यात पहिल्या पाचांत राहत होता. अंगद सरांना हे मनापासून पसंत नसे. परंतु त्यांची नेमणूक विनाअनुदानित असल्याने त्यांच्या मनाला अनुदान मिळेपर्यंत थांबणे भाग होते.

या निर्दोष व्यवस्थेत गेल्या वर्षी एकच चूक झाली. यादीतले शेवटचे नाव पुढच्या पानावर गेले होते आणि ते पान उलटायचे राहून गेले. ते नाव स्वप्नालीचे. ही राधाकिशन मेंढपाळाची मुलगी. आईबाप दिवाळीनंतर मेंढरे घेऊन गोदाकाठाने खाली उतरतात आणि आषाढात परततात. ही आजीजवळ राहून शिकते. परीक्षेच्या दिवशी ती आवारात दुपारपर्यंत बसून राहिली होती. कार्यालयातल्या लिपिकाने तिला सांगितले, घरी जा, गुण पडतात. सर्वांचे पडले, हिचे पडले नाहीत. लेखी परीक्षेत एकतीस आणि तोंडी परीक्षेत गैरहजर. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागतात. चार गुणांनी मुलगी नापास झाली. चूक दुरुस्त करावी, तर परीक्षा मुळात झालीच नव्हती हे आधी कबूल करावे लागले असते. तेव्हा संस्थेने तिला पुढील वर्षासाठी शुभेच्छा दिल्या.

राधाकिशनने लेकीला एक वर्षाची सवड दिली. यंदा पास झाली तर बीडला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला जायचे. न झाली तर दिवाळीनंतर मेंढरांमागे. मुलीने बापाशी वाद घातला नाही. ती एवढेच म्हणे की, लेखीचे एकतीस मी पुन्हा आणीन. ते चार तेवढे तोंडातून निघाले पाहिजेत.

आणि नेमका यंदाच वरून आदेश आला की तोंडी परीक्षा बाहेरगावचे परीक्षक घेतील, प्रत्येक विद्यार्थ्याला पाच मिनिटे देतील आणि विद्यार्थ्याने प्रत्यक्ष बोलावे.

संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव यांनी तातडीची बैठक घेतली. सुंदरराव हे मोठ्या जमिनीचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे गृहस्थ. पंचवीस वर्षे त्यांनी ध्वनिवर्धकाशिवाय सभा घेतल्या आणि नंतर ध्वनिवर्धक आला तरी आवाज कमी केला नाही. त्यांनी आदेश दोनदा वाचून घेतला आणि सर्वांना धीर दिला. बोलणे ही तर आपल्या गावची शेती आहे, तिला पाऊस लागत नाही, असे ते म्हणाले. मुले प्रश्नाला भीत नाहीत, सुरुवातीला भितात. सुरुवात पक्की करून घेतली की पुढचे आपोआप येते. मला हा विचार शास्त्रशुद्ध वाटला आणि मी मान डोलावली.

अंगद सरांनी हळूच विचारले, "आणि उत्तर?"

"उत्तर पोरं देतेन की," सुंदरराव म्हणाले. "ते काय आपण द्यायचं असतंय का?"

अशा रीतीने दहा दिवसांचे वाणीशिबिर ठरले. सुरुवात शिकवण्याचे काम सुंदररावांनी स्वतःकडे घेतले आणि त्याच्याही आधीची सुरुवात, म्हणजे गुरुवंदनाचा श्लोक, माझ्याकडे दिला.

आमच्या भागात भाषणाची सुरुवात म्हणजे नामावली. व्यासपीठावर जे बसले आहेत त्यांची नावे मानाप्रमाणे, पदासह आणि विशेषणासह घ्यावी लागतात. विशेषणे ठरलेली असतात. एकाचे विशेषण दुसऱ्याला लावले तर दोघेही दुखावतात. 'युवकांचे आशास्थान' हे विशेषण ज्यांना लागते त्यांना अठ्ठावन्नावे वर्ष चालू आहे, आणि त्यांच्या हयातीत ते दुसऱ्या कुणाला मिळण्याची शक्यता नाही. एकदा पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला सूत्रसंचालकाकडून भागवतरावांचे नाव राहिले. भागवतराव चकलांब्याकडचे बागायतदार, मृदू स्वभावाचे. त्यांनी सभेत चकार शब्द काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पक्ष बदलला. तेव्हापासून नावे गाळण्याचे धाडस कुणी केलेले नाही.

सुंदररावांनी मुलांसाठी पंधरा नावांची यादी तयार केली. पहिले त्यांचे स्वतःचे. ते त्यांनी संकोचाने, पण ठळक अक्षरात घातले. सकाळी मी मुलांकडून श्लोक म्हणवून घेई, विसर्गाचा उच्चार छातीतून यावा म्हणून त्यांना ताठ उभे करी. आणि त्यानंतर सुंदरराव नावे घोकून घेत. मुलांचे आवाज खुलले, हे मान्य केले पाहिजे. पहिल्या दिवशी जी मुले पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती, ती चौथ्या दिवशी हात उंचावून 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणू लागली. एवढा आत्मविश्वास मी एकतीस वर्षांत कुणाच्या अंगी बाणवू शकलो नव्हतो.

आठव्या दिवशी सराव परीक्षा झाली. लखन हा सर्वांत तयारीचा मुलगा. त्याला विषय दिला 'पाण्याचे महत्त्व'. त्याने श्लोक म्हटला, पंधरा नावे एका दमात, विशेषणे न चुकवता घेतली, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, "वेळेअभावी मी माझे दोन शब्द इथेच संपवतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. पाण्याविषयी तो काही बोलला नाही, हे माझ्या ध्यानात घरी जाऊन पाणी पिताना आले. आणि तेव्हाही मी स्वतःची समजूत घातली की प्रत्यक्ष परीक्षेत बोलेल.

स्वप्नाली या शिबिरात शेवटच्या बाकावर बसे. तिची पाळी आली की उभी राही, ओठ हलवी, आणि आवाज फुटण्याआधी सुंदरराव पुढच्या मुलाकडे वळत. मी तिला दोनदा एकटीला श्लोक म्हणायला लावले. तिने तो अचूक म्हटला, पण माझ्याकडे न पाहता, खिडकीबाहेर पाहून. तिची आजी बायनाबाई रोज दोन शेळ्या घेऊन फाटकाशी तिची वाट पाहत थांबे. एकदा म्हातारीने मला हटकले.

"गुरुजी, पोरगी तोंड उघडती का?"

मी म्हणालो, उच्चार उत्तम आहेत.

"ते न्हाई इचारलं मी," म्हातारी म्हणाली आणि शेळ्यांकडे वळली.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक म्हणून अंबाजोगाईच्या धनश्री मॅडम येणार होत्या. सुंदररावांनी वर्गात मंडप घातला होता. फळ्यावर 'तोंडी परीक्षा शुभारंभ सोहळा' असा फलक, त्यावर पंधरा छायाचित्रे, आणि समोर पंधरा खुर्च्या. मुलांना ज्यांची नावे घ्यायची ते डोळ्यांपुढे असले की विस्मरण होत नाही, असा त्यामागचा अध्यापनविचार होता. सर्व मान्यवर फेटे बांधून वेळेवर आले. आमच्याकडे हे फार विरळ घडते.

धनश्री मॅडम बारीक अंगाच्या, चष्मा लावणाऱ्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी नारळ घेतला, शाल हात जोडून परत केली आणि खुर्च्या कशासाठी आहेत ते विचारले. सांगितल्यावर त्यांनी त्या मोजल्या. मग म्हणाल्या की परीक्षेच्या खोलीत विद्यार्थी, आतले एक शिक्षक आणि त्या स्वतः, एवढेच बसू शकतात. तेव्हा खुर्च्या मान्यवरांसह व्हरांड्यात गेल्या आणि खिडकीला लागून मांडल्या गेल्या. आत अंगद सर बसले. दारात उभे राहून क्रमांक पुकारण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिला लखन. त्याने दिलेला उतारा वाचला, बरा वाचला. मॅडमनी विचारले, या उताऱ्यातल्या मुलीने विहिरीवर काय पाहिले?

लखन ताठ झाला. त्याने श्लोक म्हटला. मॅडमनी आदराने ऐकून घेतला, आणि माझी मान नकळत उंचावली. मग त्याने हात वर केला. "सन्माननीय व्यासपीठ, आणि व्यासपीठावर उपस्थित..."

"बाळ, इथे व्यासपीठ नाही," मॅडम म्हणाल्या. "विहीर आहे. तिच्याविषयी सांग."

लखन गोंधळला. व्यासपीठच नाही म्हटल्यावर पंधरा माणसे उभी कशावर करावी, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. त्याने पुन्हा श्लोकापासून सुरुवात केली. अकराव्या नावाशी पाच मिनिटे संपली. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिले आणि मला पुढचा क्रमांक पुकारायला सांगितले. खिडकीबाहेर बारावे, तेरावे, चौदावे आणि पंधरावे गृहस्थ अस्वस्थ झाले.

दुपारपर्यंत अकरा मुले आत जाऊन आली. कुणी नवव्या नावापर्यंत पोचले, कुणी तेराव्या. एक मुलगी विहिरीपर्यंत पोचली होती. पण विहिरीत डोकावण्याच्या आत वेळ संपली. मॅडमनी प्रत्येकाला दोन वेळा सौम्यपणे सांगितले की नावे नकोत, उत्तर द्या. परंतु दहा दिवसांची तपश्चर्या दोन वाक्यांनी भंग होत नाही. मुले बाहेर येऊन रडू लागली, तेव्हा अनर्थ सुंदररावांच्या ध्यानात आला.

त्यांनी व्हरांड्यातच बैठक घेतली. नामावली आखूड करावी, हे एकमताने ठरले. कुणाची नावे काढावीत, यावर मात्र विचारविनिमय लांबला. प्रत्येकाने शेजारच्याचे नाव सुचवले. भागवतराव म्हणाले, माझे काढा. आणि ते इतक्या मृदूपणे म्हणाले की सर्वांना पाण्याची टाकी आठवली आणि कुणी काढले नाही. एवढ्यात उपसरपंचबाईंचे यजमान, जे इतका वेळ मागे उभे होते, त्यांनी यादी हातात घेऊन पाहिली तर त्यांचे नाव तिच्यात नव्हतेच. अर्ध्या तासाच्या चर्चेअंती यादी सोळा नावांची झाली.

या वादात मी दारापासून दूर झालो आणि लिंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिलो. तिथे स्वप्नाली आली. पुन्हा बसणाऱ्या विद्यार्थ्यांचा क्रमांक शेवटी असतो. आता तिचीच पाळी उरली होती. तिने हातातला आजीचा मोबाईल मला दाखवला. त्यावर तिने वेळ मोजून ठेवली होती.

"गुरुजी, तुमचा श्लोक म्हणला न्हाई तर चालंल का? त्यात अर्धा मिंट जातो."

हा प्रश्न साधा होता. ज्या श्लोकाने मी माझ्या गुरूंपुढे प्रथम तोंड उघडले, तो श्लोक आपल्या हाताने वगळा म्हणणे मला जड गेले. त्यापेक्षा जड हे गेले की सकाळपासून अकरा वेळा तो म्हटला गेला होता, अकरा वेळा माझी मान उंचावली होती, आणि अकरा मुलांचे अर्धे अर्धे मिनिट त्यात गेले होते. सुंदररावांच्या पंधरा नावांना मी मनातल्या मनात हसत होतो. सोळावे नाव मीच श्लोकाच्या मिषाने आधी घालून ठेवले होते.

"चालेल," मी म्हणालो. मग विचारले, "आणि नावे?"

"नावं तर मी कवाच सोडली."

"सुंदरराव रागावतील."

"रागवू द्या की. त्यांना थोडेच मार्क पायजेत?"

मी तिचा क्रमांक पुकारला. नवी यादी नेमकी कशी म्हटली जाते ते ऐकायला सोळाही मान्यवर खिडकीशी येऊन उभे राहिले. खिडकीला गज आहेत. गजांतून फेटे दिसत होते.

तिने उतारा वाचला, अडखळत. मॅडमनी विचारले की यातल्या मुलीने अडचणीत काय केले, आणि तुझ्या पाहण्यात असा एखादा प्रसंग आहे का, तो सांग. स्वप्नालीने उतारा खाली ठेवला. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. ती खिडकीकडे पाही, फेटे दिसत, ती मान वळवी. अंगद सरांनी मान खाली घातली. गेल्या वर्षीचा गैरहजर शेरा यंदा हजेरीत लागणार, असे मला वाटू लागले.

मग ती उठली, तिने खुर्ची फिरवली आणि ती खिडकीकडे पाठ करून मॅडमसमोर बसली.

"मॅडम, मला चार गुण पायजेत," ती म्हणाली. "चार झाले की सांगा, मी थांबते. आजी लई येळ उभी हाय."

मॅडमनी चष्मा वर केला. "सांग," म्हणाल्या.

तेव्हा तिने सांगितले. उताऱ्यातल्या मुलीने आरडाओरडा केला नाही, ती आधी ऐकत उभी राहिली, असे ती म्हणाली. आणि माझ्या आजीनेही तेच केले. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी कळपाबरोबर होतो; मांजरसुंब्याच्या चौकात संध्याकाळी एका ट्रकने भोंगा वाजवला आणि रस्त्याच्या दोन बाजूंनी चाललेले दोन कळप एकमेकांत मिसळले. एक आमचा, एक परक्या गावचा. चारशे मेंढरे, सारखी काळी, अंधारून आलेले, गाड्या तुंबलेल्या. दोन्हीकडचे गडी काठ्या घेऊन उभे. ढाब्यावरचे लोक जेवण सोडून बघायला आले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळा न्याय. कुणी म्हणे निम्मी निम्मी वाटा, कुणी म्हणे पोलिसांना बोलवा. आजी काही बोलली नाही. आमच्यात कोकरे दिवसभर बिऱ्हाडाबरोबर मागे ठेवतात. आजीने दोन्ही बिऱ्हाडांतली कोकरे आणवली, रस्त्याच्या दोन कडांना बांधून घातली, आणि सर्वांना गप्प बसा म्हणाली. ढाब्यावरची गाणी बंद करायला लावली. कोकरे भुकेली होती. ती ओरडू लागली.

"मॅडम, आपल्याला तो एकच आवाज वाटतो," स्वप्नाली म्हणाली. "मेंढीला वाटत न्हाई. एकेक करून चालत गेल्या, इकडच्या इकडं, तिकडच्या तिकडं. कुणी हाकललं न्हाई."

तिचा आवाज मोठा नव्हता; पण खिडकीबाहेर एकही खुर्ची वाजत नव्हती. ती पुढे म्हणाली की सगळ्या गेल्या, आणि मधोमध एक मेंढी राहिली. तिला कोकरू नव्हते. दोन्हीकडच्या गड्यांनी तिच्यावर हात टाकला, दोघेही म्हणाले आमची, काठ्या पुन्हा वर झाल्या.

इथे ती थांबली. "चार झाले का मॅडम?"

मॅडम भानावर आल्या. "चार केव्हाच झाले," त्या म्हणाल्या. "तू पुढे सांग. गुण वीस असतात."

"मग मी जाते. राहिलेले लखनला द्या, त्याला लागतेन."

"असे देता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या, आणि त्या बोलण्यात मला किंचित खेद जाणवला.

मुलीने हात जोडले, खुर्ची होती तशी ठेवली आणि ती बाहेर पडली. व्हरांड्यात मान्यवर तिची वाट अडवून उभे होते. तिला दटावले जाईल म्हणून मी लगबगीने पुढे झालो. सुंदरराव पुढे सरसावले होते. चेहऱ्यावर राग असावा, पण तो तिथे नीट बसला नव्हता.

"पोरी," ते म्हणाले, "ती मेंढी कुणाची निघाली?"

"आजीला इचारा. तिला ठाव हाय."

ती मागे न पाहता हातपंपाकडे पाणी प्यायला गेली. सुंदररावांनी भागवतरावांकडे पाहिले, भागवतरावांनी उपसरपंचबाईंच्या यजमानांकडे. मग सोळा फेटे मानाचा क्रम न पाळता, आवार ओलांडून फाटकाकडे निघाले. पुढे कोण आणि मागे कोण, हे त्या दिवशी कुणी पाहिले नाही. मीही गेलो, मलाही ऐकायचे होते. पाठोपाठ अंगद सर आले, आणि वर्गाच्या दारात धनश्री मॅडम कागद हातात धरून उभ्या राहिल्या.

बायनाबाई शेळ्यांना लिंबाचा पाला घालत होती. एवढी माणसे येताना पाहून तिने पदर सारखा केला. सुंदररावांनी आवाज शक्य तितका खाली आणून प्रश्न विचारला. म्हातारीने तो ऐकला, सगळ्या फेट्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्याकडे वळली.

"आधी मला सांगा, गुरुजी," ती म्हणाली, "माझ्या नातीचे चार आले का?"

"आले," मी म्हणालो.

मग ती दगडावर बसली, आणि सांगू लागली.